शेपूट धरणारा

साडूभाऊ फोनवर म्हणाले, "या खरंच तुम्ही दोघं. दोन्ही विंच उघडायचेत, तुमच्या हाताचा उपयोग होईल." आमच्या हिनं पलीकडच्या खोलीतून ते ऐकलं आणि 'विंचू' समजून ती ओल्या हातानं धावत आली. अमेरिकेत विंचू निघतात आणि ते काढायला पुण्याहून माणूस बोलवावा लागतो, या दोन्ही गोष्टी तिला ताबडतोब पटल्या. साडूभाऊंच्या बाबतीत तिला काहीही पटतं. १९७३ साली तिच्या थोरल्या बहिणीला त्यांनी लग्न करून साता समुद्रांपलीकडे नेलं, तेव्हापासून या माणसाचा नेम नाही असं तिचं मत आहे.

ताई २०२१ साली गेली. करोनाच्या दिवसांत आम्हाला जाता आलं नाही, आणि पुढे जायचं जायचं म्हणत तीन वर्षं गेली. शेवटी २०२४च्या सप्टेंबरात आम्ही एकदाचे अ‍ॅनापोलिसला पोचलो. मेरीलँड राज्याची ही राजधानी. अमेरिकेच्या आरमाराचे अधिकारी जिथं घडतात ती १८४५ सालची अकादमी याच गावात आहे. गावात झाडं जास्त की डोलकाठ्या जास्त हे सांगणं कठीण. समोर चेसापीकची खाडी. लांबी तीनशे किलोमीटर, पण सरासरी खोली जेमतेम एकवीस फूट. हे साडूभाऊंनी मला धीर यावा म्हणून सांगितलं. माझी उंची पाच फूट चार इंच असल्यामुळे यातला धीर नेमका कुठे आहे, ते मला कळलं नाही.

माझा आणि पाण्याचा संबंध तसा तुटपुंजाच. मी पुण्याचा. आम्ही पाण्याकडे सहसा जात नाही. १९६१ साली पानशेत फुटलं तेव्हा पाणीच एकदा आमच्याकडे येऊन गेलं, तेवढी ओळख मला जन्मभर पुरली. साडूभाऊ मात्र रत्नागिरीचे. गंमत म्हणजे रत्नागिरीत असेपर्यंत ते कधी होडीत बसले नव्हते, कारण वडिलांना समजलं असतं तर त्यांनी तंगडं मोडलं असतं. १९७१ साली अमेरिकेला गेले, इंजिनिअर झाले, आणि तंगडं मोडणारं कुणी उरलं नाही हे ध्यानात आल्यावर १९८४ साली त्यांनी तीस फुटी शिडाची नाव घेतली. तीही जुनी, १९७४ सालची. तेव्हापासून त्या नावेचं इंजिन दोनदा बदललं, शिडं चारदा, दोऱ्या किती वेळा कोण जाणे. मूळचं म्हणावं असं काय उरलं, तर फायबरग्लासचं अंग आणि दोन विंच.

विंच म्हणजे काय हे मला तिथं गेल्यावर कळलं. शीड वाऱ्यानं फुगलं की त्याची दोरी ओढून धरावी लागते, आणि ती ओढ हाताला पेलणारी नसते. म्हणून बसायच्या जागेच्या दोन्ही अंगांना एकेक काशाचा ढोल बसवलेला असतो, वर क्रोमचा मुलामा, आकार आपल्याकडच्या मोठ्या तांब्याएवढा. त्याला दोरीचे तीन-चार वेढे द्यायचे, तेही देवाला प्रदक्षिणा घालावी तसे उजवीकडूनच, आणि माथ्यावर हँडल खुपसून फिरवायचं. आत दातेरी चाकं असतात. हँडल उलटं फिरवलं तरी ढोल सुलटाच फिरतो, फक्त सावकाश आणि कितीतरी जास्त जोरानं. हा गुण आजवर मी आमच्या हिच्याशिवाय कुणात पाहिला नव्हता.

साडूभाऊंच्या विंचांवर 'बॅरिएंट' असं नाव होतं. कॅलिफोर्नियातल्या 'बरुणा' आणि 'ओरिएंट' या शर्यतीच्या दोन नावांची नावं जोडून ते झालं म्हणे. बरुणा म्हणजे आपला वरुणच असणार असं मी लगेच ठरवून टाकलं. परदेशात गेलेल्या माणसाला एवढा अधिकार असतोच. ही कंपनी बंद होऊन तीसेक वर्षं झाली. आता सुटे भाग लागले तर ऑस्ट्रेलियातून मागवावे लागतात.

पण खरी गोम पुढेच आहे. ढोल दोरीला धरून ठेवतो तो नुसत्या घर्षणावर. वेढ्यांतून बाहेर आलेलं दोरीचं मोकळं टोक कुणीतरी सतत ताणून धरावं लागतं, नाहीतर वेढे ढिले पडतात आणि ढोल दोरीच्या आत आपला एकटाच गरगर फिरत राहतो. या टोकाला इंग्रजीत शेपूट म्हणतात. म्हणजे एकानं हँडल फिरवायचं आणि दुसऱ्यानं शेपूट धरायचं. १९८४ पासून हे शेपूट ताईनं धरलं होतं. सदतीस वर्षं.

नव्या विंचाला दुसरा माणूस लागत नाही. त्याच्या माथ्यावर एक गोल दातेरी जबडा असतो, तो दोरी आपल्या आपण चावून धरतो. स्वतःचं शेपूट स्वतःच धरणारा विंच. अशी एक जोडी चार हजार डॉलरच्या आसपास पडते. खुद्द नाव विकायला काढली तर तिचे आठ हजारही येतील की नाही, याबद्दल साडूभाऊंना शंका होती.

त्यांचे चिरंजीव सिएटलला असतात. ते दर रविवारी फोन करून विचारत, "बाबा, विंच बदलले का?" आणि साडूभाऊ दर रविवारी म्हणत, "चालतायत की!" चिरंजीवांचं म्हणणं खोडून काढण्यासारखं मुळीच नव्हतं. बाबांचं वय सत्त्याहत्तर. ते एकटेच नाव घेऊन जातात. एका हातानं हँडल, दुसऱ्या हातानं शेपूट, आणि सुकाणू दोन गुडघ्यांत. अशा अवस्थेत माणसाला शिंक आली तर काय होईल, याचा विचार करून पाहावा. पैसे मी देतो, असंही ते म्हणत होते. तरी साडूभाऊ आपले दर वर्षी विंच उघडायचे, धुवायचे आणि परत जोडायचे.

मी अर्थातच दुरुस्तीच्या बाजूनं. आमच्या घरात पातेल्यांना कल्हई, गादीला पिंजारी आणि छत्रीला काडी हे सोळा संस्कारांत मोजण्याइतके नियमित विधी होते. वस्तू आम्ही प्रेमानं टाकत नाही की चिक्कूपणानं, ते आमचं आम्हालाही सांगता यायचं नाही. पुरेशी वर्षं गेली की दोन्हींचा चेहरा सारखाच दिसायला लागतो.

दुसऱ्या दिवशी कामाला सुरुवात झाली. उजवा विंच साडूभाऊंनी उघडायचा, डावा मी. आधी पुठ्ठ्याचं एक खोकं घेऊन त्याच्या तळाला विंचाएवढं भोक पाडायचं आणि ते विंचाला कुंचीसारखं घालायचं. आतल्या बारीक वस्तू उडाल्या तर पाण्यात न जाता खोक्यात पडाव्यात म्हणून. मला ही युक्ती फारच आवडली. माथ्यावरची कडी काढली, ढोल वर उचलला आणि आत पाहतो तर काय, "अहो, ही तर कुत्री!" मी ओरडलो.

आमची ही पुन्हा दचकली. विंचवाच्या पोटात कुत्री म्हणजे जरा जास्तच होत होतं. पण पुण्यात वाढलेल्या माझ्या पिढीच्या माणसाला हे सांगायला नको. सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये जे छोटे खटके असतात, ज्यांच्यामुळे चाक एकाच दिशेला अडतं आणि दुसरीकडे कट कट करत मोकळं फिरतं, त्यांना आमचा सायकलवाला 'कुत्री' म्हणायचा. पायडल रिकामं जायला लागलं की तो मान हलवून सांगायचा, "कुत्री मेली." विंचातही तेच. चार कुत्री, प्रत्येकाच्या मागे नखाएवढी एक स्प्रिंग. आठ हजार मैल उडून गेल्यावर ओळखीचं कुणीतरी भेटल्यासारखं मला झालं.

साडूभाऊंनी सांगितलं, "सगळं रॉकेलमध्ये धुवा, दातांच्या ब्रशनं घासा. चाकांना ग्रीस. कुत्र्यांना मात्र तेलाचा एकच थेंब. ग्रीस नाही." आणि ते मोटारीतून चिंध्या आणायला धक्क्यावर गेले.

नीट दिसेना म्हणून मी खोकं बाजूला केलं. टिंग् असा आवाज झाला. इतका गोड आवाज, की आधी मला तो अपघात आहे हे समजलंच नाही. पाण्यावर एक छोटं वर्तुळ उठलं आणि मोठं होत होत नाहीसं झालं.

स्प्रिंगा तीन राहिल्या.

साडूभाऊ परत येईपर्यंत माझ्याकडे तीन-चार मिनिटं होती. माणसाच्या अधःपतनाला तेवढी पुरतात. मी स्वतःशी म्हणालो, चार कुत्र्यांत एक आळशी निघाला तर काय बिघडतं? कुठल्याही कचेरीत हे प्रमाण याहून वाईट असतं. मग चौथं कुत्रं बिनस्प्रिंगचंच खाचेत बसवलं, आणि ते जागचं हलू नये म्हणून, शिवाय मनाला लागलेली टोचणी बुजावी म्हणून, चारही कुत्र्यांना मी भरपूर ग्रीस थापलं. तेला-तुपात हात आखडता घ्यायचा नाही ही माझ्या आईची शिकवण. ढोल बसवला, फिरवून पाहिला. कट कट वाजला. साडूभाऊ म्हणाले, "वा! पुण्याचा माणूस म्हणजे बारकाव्याचा."

पुढचे दोन दिवस वारा नव्हता म्हणून त्यांनी आम्हाला पाऊण तासावरच्या बाल्टिमोरला नेलं. तिथल्या बंदरात 'कॉन्स्टेलेशन' नावाचं जुनं लढाऊ जहाज उभं आहे. त्याची हकीकत ऐकण्यासारखी आहे. या नावाचं पहिलं जहाज १७९७ साली बाल्टिमोरलाच पाण्यात सोडलं गेलं. १८५३ साली ते दक्षिणेला नॉर्फोकच्या गोदीत मोडून काढलं, आणि त्याच गोदीत त्याच नावाचं जहाज १८५४ साली तयार झालं. जुन्याची काही लाकडं नव्यात वापरली होती. आता हे जुनंच दुरुस्त केलं म्हणायचं, की नवं बांधलं म्हणायचं? १९५५ साली ते बाल्टिमोरला आणलं तेव्हा गावानं ठरवलं, आपलंच ते १७९७चं. मग ते तसं दिसावं म्हणून त्याच्यात फेरफारही केले. म्हणजे आजोबांसारखं दिसावं म्हणून नातवाला मिशा चिकटवल्या. पंडितांची भांडणं काही दशकं चालली. अखेर १९९१ साली आरमाराच्याच संशोधकांनी सगळे कागद तपासून निकाल दिला की हे १८५४चं, वेगळं जहाज. मिशा उतरवण्यात आल्या.

हा प्रश्न तसा जुनाच. प्लूटार्कनं लिहून ठेवलंय की थीसिअस या वीराचं जहाज अथेन्सच्या लोकांनी कुजलेली फळी काढायची, नवी बसवायची असं करत पिढ्यान्‌पिढ्या राखलं, आणि हे तेच जहाज का, यावर तत्त्ववेत्ते वाद घालत बसले. आपल्याकडे मिलिंद राजा नागसेन भिक्षूकडे गेला, तेव्हा नागसेनानं त्याला त्याच्याच रथावरून पकडलं. चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? नाही ना? मग रथ कुठे आहे? मी हे सगळं साडूभाऊंना मोठ्या उत्साहानं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. डेकवर उभं राहून ते बराच वेळ त्या जहाजाच्या दोऱ्यांकडे पाहत होते. मग म्हणाले, "फळ्या मोजण्यात अर्थ नाही हो. एवढं मोठं जहाज, त्याला दोऱ्या ओढायला किती माणसं लागत असतील!"

मला हे उत्तर विषय सोडून वाटलं.

तिसऱ्या दिवशी वारा आला. आमची ही सुकाणूवर, कारण आमच्यात स्कूटर तिलाच येते. साडूभाऊ हँडलवर. मी शेपटाला. टॉमस पॉइंटचं दीपगृह दिसायला लागलं, १८७५ सालचं, पाण्यात खांबांवर उभं असलेलं एक सहा कोनी घरच ते. मला मजा वाटू लागली होती. नाव वळली, शीड डाव्या अंगाला गेलं, डावा विंच कामाला लागला. कट कट कट कट. "आणखी थोडं," म्हणत साडूभाऊंनी जोर लावला, आणि खर्रर्र आवाज झाला. हँडल उलटं भिरभिरलं आणि त्यांच्या मनगटावर येऊन बसलं.

हाड मोडलं नव्हतं, ते संध्याकाळी एक्स-रेत दिसलं. पण हात कोपरापर्यंत काळानिळा झाला होता. हिनं सगळा वेळ एक शब्द न बोलता नाव परत आणली होती, आणि ती बोलत नाही म्हणजे किती घाबरली आहे हे मला ठाऊक होतं. रात्री चिरंजीवांचा फोन आला. "बाबा, मी सांगत होतो ना?" साडूभाऊंनी वाद घातला नाही. फोन ठेवून ते एवढंच म्हणाले, "म्हातारा झाला बिचारा विंच."

त्या रात्री मला झोप आली नाही. लहानपणी उंबऱ्याला ठेच लागली की आई उंबऱ्याला चापट मारून 'हात् रे' म्हणायची आणि माझं रडं थांबायचं. दोष उंबऱ्याचा. तो बापडा काय बोलणार? पुढे आयुष्यभर मी हेच करत आलो. पेन चालत नाही, घड्याळ मागे पडतं, ज्या वस्तू तक्रार करू शकत नाहीत त्यांच्या माथी मारून मोकळा होतो. पण इथं प्रकरण जरा पुढे गेलं होतं. पन्नास वर्षं चोख काम केलेल्या एका यंत्रावर माझ्या गुन्ह्याचा आळ आला होता, आणि त्यावर त्याला घालवून द्यायचा निकालही लागला होता. बरं, निकाल चुकीचा होता असंही नाही. विंच बदलायलाच हवे होते, हे आता मलाही दिसत होतं. तसं असताना मी तोंड उघडलं काय आणि न उघडलं काय, फरक काय पडणार होता? निर्णय योग्य आणि पुरावा खोटा, अशा वेळी माणसानं बोलावं का? हिला हलवून विचारलं. ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही केलंत?" आणि कूस बदलून झोपली. ते उत्तरच होतं.

सकाळी चहाच्या वेळी मी सगळं सांगितलं. स्प्रिंग, खोकं, ग्रीस. साडूभाऊ काही बोलले नाहीत. उठले, मला घेऊन धक्क्यावर गेले, एका हातानं डावा विंच उघडला. आत पुरणपोळीवर तूप असावं तसं ग्रीस. कुत्री त्यात पेंगत पडली होती. त्यांनी स्प्रिंगा मोजल्या. तीन.

"तुम्ही कुत्र्यांना जेवायला घातलंत!" ते म्हणाले आणि हसायला लागले. हसता हसता दुखऱ्या हाताला हिसका बसला तेव्हा थांबले. मग एकेक कुत्रं पुसत म्हणाले, "म्हणजे विंच चांगला आहे."

"अगदी चांगला," मी म्हणालो. "तुमची शपथ."

"मग आता बदलतो."

मला काही उलगडेना. ते म्हणाले, "काल तो दगाबाज म्हणून जाणार होता. तसा मला पाठवायचा नव्हता. तुम्ही तर सरकारी नोकरीत होतात. बडतर्फी वेगळी आणि पेन्शन वेगळी, हे मी तुम्हाला सांगायला हवं का?"

मी म्हटलं, "आणि उजवा?"

"उजवा राहू दे."

आता ज्यांना नाव चालवणं ठाऊक आहे ते हसतील. वाऱ्याच्या तोंडावर जायचं तर नावेला आलटून पालटून डावीकडे-उजवीकडे वळत जावं लागतं. एकदा हा विंच, एकदा तो. एक विंच स्वावलंबी आणि दुसरा संसारी, अशी नाव जगात दुसरी नसेल. एका वळणावर साडूभाऊ एकटे मुखत्यार, पुढच्या वळणावर कुणीतरी हवंच. मी हे त्यांच्या लक्षात आणून दिलं. ते म्हणाले, "तेच तर. दोन्ही बदलले तर शेजाऱ्याला 'चल रे जरा' म्हणायला निमित्त काय उरलं?" चिरंजीवांना त्यांनी फोनवर फक्त "बदलला" असं सांगितलं. एकवचनातलं, पण ते चिरंजीवांच्या लक्षात आलं नाही, कारण त्यांचं मराठी तिथवर पोचलेलं नाही. ही चौथी स्प्रिंग साडूभाऊंच्या खात्यावर. मी त्यात पडलो नाही.

निघताना त्यांनी डावा विंच जुन्या टॉवेलात गुंडाळून आमच्या बॅगेत ठेवला, हँडलसकट. स्प्रिंग ऑस्ट्रेलियातून यायची होती ती मागाहून पाठवतो म्हणाले, आणि पाठवलीही. सहा किलोंचा तो ऐवज मुंबईच्या विमानतळावर अधिकाऱ्यानं बाहेर काढायला लावला. हातात घेऊन फिरवला. कट कट वाजल्यावर त्याचा चेहरा एकदम निवळला. "फ्रीव्हील आहे का हो?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, तसंच. त्यानं जाऊ दिलं.

काही दिवस तो शोकेसमध्ये होता. मग हिनं प्लंबरला बोलावून तो बाल्कनीच्या भिंतीत बोल्टांनी बसवून घेतला. पावसाळ्यात ओल्या चादरींनी वाळत घालायची दोरी लोंबते आणि कपड्यांचे काठ जमिनीला लागतात, ही तिची वीस वर्षांची तक्रार. आता दोरी विंचावरून येते. मी एकदा म्हणालो, नवा मिळतो, त्याला दुसरं माणूस लागत नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि हँडल खुपसलं.

"शेपूट धरा," ती म्हणाली. "आणि ग्रीसच्या डब्याला हात लावू नका."